लंडनात लेकीच्या घरचं पाणी

लंडनला जाऊन आलो म्हणलं की आमच्या अंबडच्या वकीलखान्यात माणसं दोनच गोष्टी विचारतात. बादशहाचा वाडा पाहिला का, आणि तिथं खाल्लं काय? वाड्याचं सांगून टाकतो. पाहिला, बाहेरून, धुक्यात, तोही अर्धाच दिसला. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी आजवर हातभर लांब उत्तरं देऊन मुद्दा टाळत आलो. आता टाळायचाही कंटाळा आला, म्हणून लिहायला बसलो.

आधी गेलो कशाला ते सांगतो, नाहीतर वाटायचं म्हातारा हौसेनं गेला. हौस बिलकुल नव्हती. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, आणि इंग्रजी म्हणाल तर पाटी वाचण्यापुरतं. माझी सारी वकिली उर्दूत. पण आमची एकुलती एक लेक गोदावरी तिथं होती. आम्ही तिला गोदीच म्हणतो. तिचे यजमान माधवराव हैदराबादेत डॉक्टर. सरकारी वजिफा मिळवून पुढच्या शिक्षणासाठी तीन वर्षं लंडनला निघाले, ते बायकोला घेऊनच. पहिलं वर्षभर गोदीची पत्रं नेमानं यायची. मी मोठ्यानं वाचायचो, तिची आई चुलीपाशी बसून ऐकायची, आणि शेजारच्या दोघी-तिघी दाराशी येऊन टेकायच्या. मग दुसऱ्या वर्षी श्रावणात तिची पत्रं थांबली. जावयांची यायची, चार ओळींची. सर्व क्षेम, काळजी नसावी. खाली गोदीचं एक अक्षर नाही.

दिवाळीलाही पत्र आलं नाही तेव्हा तिच्या आईनं अन्न टाकल्यासारखंच केलं. मला म्हणाली, "तुम्ही जाऊन या. डोळ्यांनी बघा तिला. अन् घेऊनच या." मी म्हणलं, अगं, लंडन म्हणजे काय राजूर आहे का, सकाळी निघालो अन् गणपती करून दुपारी परत? त्यावर ती नुसतं बघत राहिली. तीस वर्षं वकिली केलेल्या माणसाला त्या बघण्यापुढं बोलता येत नाही. निघालो.

बरोबर सामान किती! ज्वारीचं पीठ, लसणाची चटणी, डबाभर डिंकाचे लाडू. तिकडं थंडी फार, लेकीच्या अंगात ताकद राहील म्हणून. वर राजूरच्या गणपतीचा अंगारा पुडीत बांधलेला. लग्नाला चार वर्षं झाली तरी गोदीचा पाळणा हलला नव्हता. त्याचा नवस तिच्या आईनं बोलला होता, आणि तो गोदीला तोंडानं सांगायचा, असं मला बजावलं होतं.

जहाजाचे वीस-एकवीस दिवस गाळून टाकतो. त्यात उलट्यांखेरीज लिहिण्यासारखं काही नाही.

वीस डिसेंबर

स्टेशनावर माधवराव एकटेच आले होते. म्हणाले, मामा, तिला जरा सर्दी आहे, घरीच थांबली. लंडनचं पहिलं दर्शन म्हणून काय सांगू? दुपारचे तीन वाजलेले आणि दिवे लागलेले. कोळशाचा धूर आणि धुकं एक होऊन घशाला खवखव. चार मजले चढून गेलो. दार गोदीनं उघडलं.

वाळली होती. गालाची हाडं वर आली होती. पाया पडली, "आई कशी हाय?" म्हणाली, आणि आत गेली. पाण्याचा पेला भरून घेऊन आली, मधेच थबकली, नवऱ्याकडं बघितलं, आणि पेला तसाच परत घेऊन गेली.

इथं एक रीत सांगायला हवी, कारण सगळीकडं ती असते असं नाही. आमच्याकडं लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरच्या अन्नपाण्याला बाप शिवत नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही. गावाकडं त्याची तकलीफ नसते. लेकीच्या गावी गेलं की शेजारचं घर आपणहून पानावर बसवतं, पाहुणा उपाशी जात नाही. माधवरावांचं बिऱ्हाड हैदराबादेत होतं तेव्हाही मी शेजारच्या मास्तरांकडं जेवायचो आणि लेकीच्या ओसरीवर येऊन सुपारी खायचो, तीही माझ्या खिशातली. म्हणून पेला परत गेलेला पाहून मला बरंच वाटलं. म्हणलं, पोरगी परमुलखात येऊनही रीत विसरली नाही. एक क्षण विसरली, पण लगेच ध्यानात आलं तिच्या.

लाडवांचा डबा तिच्या हातात दिला. तिनं झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं आणि डबा फळीवर सर्वांत वर ठेवून दिला. आईची आठवण आली असेल म्हणून मी नवसाची गोष्ट काढली. तुझ्या आईनं राजूरला जाऊन असं असं बोललंय, आता गणपतीच बघेल. ती "बरं" म्हणाली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खिडकीतून समोरच्या घराच्या विटांशिवाय काही दिसत नव्हतं.

माझी उतरायची व्यवस्था मी पत्रानं आधीच वेगळी करायला लावली होती. पुढच्या गल्लीत मिसेस पार्कर नावाची विधवा बाई घरात पाहुणे ठेवायची. खोली आणि दोन वेळचं जेवण. बाई मोठी प्रेमळ, पण चौकस. मी निजामाच्या राज्यातला म्हणल्यावर आधी तिला वाटलं की माझ्या ट्रंकेत हिरे आहेत. ते नाहीत म्हणल्यावर तिनं माधवरावांमार्फत विचारलं, लेक दोन पावलांवर राहते, तर हे इथं कशाला? त्यांनी रीत समजावली. बाईचा चेहरा पडला. तिनं विचारलं की त्या गरीब मुलीनं एवढा कसला गुन्हा केलाय? बाईचा स्वतःचा बाप म्हणे दर रविवारी येऊन तिच्या घरचं सारं फस्त करून जायचा. आमच्याकडं जो मान, तो तिला शिक्षा वाटला. मला त्याचं हसू आलं तेव्हा.

त्यानंतरचे दिवस

रोज सकाळी बाईकडची अंडी आणि भाजलेला पाव पोटात ढकलून मी लेकीकडं जायचो. तहान लागली की बासष्ट पायऱ्या उतरायच्या, गल्ली ओलांडायची, पाणी प्यायचं, परत बासष्ट चढायच्या. दिवसातून तीन वेळा. गुडघ्यांनी हाय खाल्ली. पण नेम तो नेम.

मी आपला वकिलाच्या नजरेनं जावयांना तपासत होतो. माणूस बिघडला का? पितो का? एखादी गोरी बाई वगैरे? काही सापडेना. माणूस इस्पितळातून दमून यायचा आणि बायकोला उठू न देता भांडी स्वतः विसळायचा. आमच्या मुलखात असलं कुणी केलं तर चार लोक हसतील, पण दोष म्हणून काय लावणार? दोघं एकमेकांशी हळू बोलायचे, घरात कुणी झोपलेलं असावं तसं. मी विचारलं, जावईबापू, गोदीला काय झालंय? ते म्हणाले, मामा, तीच सांगेल. गोदीला विचारलं तर ती म्हणायची, "काही न्हाई आबा, थंडी मानवत न्हाई." साक्षीदार दोन्ही पक्के. माझी उलटतपासणी वाया गेली, आणि मला त्या गावाचा, धुक्याचा, त्या जिन्याचा सगळ्याचा वीट आला.

चोवीस तारखेला गोदीला म्हणलं, चल, तुझा बाजार तरी दाखव. नाताळ दुसऱ्या दिवशी. पेठेत मुंगीला वाट नव्हती. दुकानांवर दिव्यांच्या माळा, खाटकाच्या दारात पिसांसकट उलटी टांगलेली मोठमोठी पाखरं. ज्याच्या त्याच्या खांद्यावर झाड. आख्खं झाड तोडून घरात उभं करायचं, त्याला सजवायचं, आणि चार दिवसांनी फेकून द्यायचं. मी नाक मुरडणार होतो, पण दसऱ्याला आपण आपट्याची काय दशा करतो ते आठवलं आणि गप्प बसलो. कोपऱ्यावर एकजण निखाऱ्यावर कसलीशी तपकिरी फळं भाजत होता. शिंगाड्यासारखी लागतात. कागदात घेऊन तिथंच उभ्यानं खाल्ली, हात शेकले. आमच्याकडं आता हुरड्याचे दिवस, आगटीभोवती माणसं बसली असतील, असं मनात आलं आणि घास फिरला.

पुढं एक देऊळ होतं, त्यांचं. बाहेर गवताचा गोठा मांडलेला, मातीची गाय, गाढव, आणि मधे गवतात बाळ. बाया-माणसं थांबून बघत होती, एका बाजूला पोरी गाणं म्हणत होत्या. मला मौज वाटली. म्हणलं, गोदे, बघ, हा तर आपला गोकुळाष्टमीचा पाळणा. वळून पाहतो तर गोदी शेजारी नाही. ती रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर गेली होती आणि एका बंद दुकानाच्या दाराकडं तोंड करून उभी होती. मी जवळ गेल्यावर म्हणाली, "गर्दीत जीव घाबरला." परत येताना तिनं माझा हात धरला. लहानपणी जत्रेत धरायची तसा, दोन बोटं.

मिसेस पार्करनं त्या संध्याकाळी सावकाश, खुणा करून सांगितलं होतं की उद्या ती बहिणीकडं जाणार, जेवण मिळणार नाही, लेकीकडं जा. मला सारं बराबर समजलं. पण मी म्हणलं, काही हरकत नाही. एवढं मोठं शहर, त्यात सणाचा दिवस. आमच्याकडं सण म्हणला की हलवाई भट्टी विझू देत नाही. इथं तर रस्तोरस्ती खानावळी. जाऊ कुठंतरी.

पंचवीस डिसेंबर

कुठंतरी कुठं नव्हतंच. सारं शहर बंद. आदल्या दिवशी जिथं मुंगीला वाट नव्हती तिथं एक कुत्रं बसलं होतं. खानावळ बंद, चहाचं दुकान बंद, तो फळं भाजणाराही गायब. मी आपला हा कोपरा, तो कोपरा करत चाललो होतो. दर घराच्या आत उजेड, काचेआड माणसं पानावर बसलेली, आणि फटीतून भाजल्याचे वास बाहेर येणारे. आमचा सण रस्त्यावर होतो, यांचा दार लावून. हे कुणी मला आधी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी मानलं नसतं. लेकीच्या घरी शिजत असलेलं सोडून मी सणाच्या दिवशी लाखो चुलींच्या गावात उपाशी हिंडत होतो. दुपारी दोनच्या सुमारास डोळ्यांपुढं अंधारी आली तसा एका कठड्याला धरून उभा राहिलो. शेवटी म्हणलं, मरायचं तर लेकीच्या दारात मरू, आणि जिना चढलो.

माधवराव घरी नव्हते. बाकीच्या डॉक्टरांचा सण, म्हणून इस्पितळाची पाळी त्यांनी घेतली होती. गोदीनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि काय ते ओळखलं. मला बसवलं, अंगावर घोंगडी टाकली. मग जमिनीवर चादरीची घडी घातली आणि पान वाढायला लागली. भात, वरण, मी नेलेल्या पिठाची भाकरी, आईची चटणी. आणि पाण्याचा पेला.

मी म्हणलं, "गोदे, हे कशाला मांडलं? तुला काय रीत ठाऊक न्हाई?"

"ठाऊक हाय."

"मंग?"

ती समोर बसली. पेला माझ्याकडं सरकवला. "आता चालतंय आबा. तुम्ही जेवू शकता."

भुकेनं डोकं चालेना. मी वेड्यासारखं खोलीभर बघितलं, जणू कुठं पाळणा टांगलेला असेल.

"श्रावणात झाल्ती," ती म्हणाली. "पोरगी. तीन दिवस होती."

ती रडत नव्हती. मी निघण्याआधी तिच्या आईनं जसं बघितलं होतं तसंच ती बघत होती. हळूहळू तिनं सांगितलं. सातव्या महिन्यात आम्हाला कळवायचं ठरवलं होतं, आधी कळवून आईचा जीव समुद्रापलीकडून टांगणीला कशाला लावायचा म्हणून. पोर त्याआधीच आली. इस्पितळात कागदावर लिहायला नाव मागितलं. बारसं नाही, पाळणा नाही, आत्या नाही, नाव कुणी ठेवायचं? हिनं आईचं नाव सांगितलं. राधा.

मी विचारलं, "आम्हाला एक ओळ का न्हाई टाकलीस?"

"पत्र तुम्ही मोठ्यानं वाचता आबा. आई चुलीपाशी बसून ऐकती. दारात बाया बसलेल्या असतात. कसं लिहू?"

पाण्याचा तो पहिल्या दिवशी परत गेलेला पेला मला तेव्हा कळला. लाडवांचा डबा कळला. बाळंतिणीला देतात ते लाडू मी तिच्या हातात ठेवले होते, आणि वर नवसाची गोष्ट सांगत बसलो होतो. पाच दिवस बासष्ट पायऱ्या चढून-उतरून मी तिला रोज काय ऐकवत होतो? की तुला मूल झालेलं नाही. मला माझीच शरम वाटली.

रीत म्हणते मूल झालं पाहिजे. ते जगलं पाहिजे असं कुणी म्हणल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि म्हणलं असतं तरी त्या दिवशी मी मानलं नसतं. मी त्या पानावरून उठलो असतो तर ती पोर झालीच नव्हती असं झालं असतं. जन्माची साक्ष द्यायला तिच्याकडं माझ्याखेरीज कोण होतं?

पेला उचलला. सगळं पाणी प्यालो. मग जेवलो. रडत रडत जेवलो, खोटं कशाला सांगू, आणि भूकही सडकून लागली होती. पीठ प्रवासात कडवट झालं होतं, भाकरीला चिरा पडल्या होत्या. दुसऱ्यांदा भात मागून घेतला. ती वाढत होती, आणि आल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा माझ्या ओळखीचा वाटला.

सव्वीस तारीख

दुसऱ्या दिवशी तिघं मिळून गेलो. गावाबाहेर मोठं दफनस्थान, त्याच्या एका कडेला लहान पोरांची रांग. दगड नाही, नाव नाही, लाकडाची खुंटी आणि तिच्यावर आकडा. गोदीनं खुंटीवर जमलेलं दव कोटाच्या बाहीनं पुसलं. ते ती नेहमी करत असावी, खुंटीचा वरचा भाग गुळगुळीत झाला होता. राजूरचा अंगारा माझ्या खिशातच होता. तो तिथं ठेवला. नवस फेडला म्हणायचं की परत केला, मला सांगता येणार नाही.

तिथंच मी तिला म्हणलं, चल आता घरी, आई वाट बघती. तिच्या आईनं मला त्याच कामाला पाठवलं होतं. गोदी म्हणाली, "यांची परीक्षा झाली की येईन, आबा. तोवर हिला इथं एकटीला टाकून कशी येऊ?"

मला थकवा आला होता, हाडांपर्यंत, आणि वाद करावासाही वाटला नाही. राहिलेले आठ दिवस मी लेकीकडं राहिलो. मिसेस पार्करनं हे ऐकून माधवरावांजवळ विचारलं, मुलीला माफ केलं का? मी म्हणलं, सांगा, मुलीनं बापाला केलं.

एवढं सारं लिहायला गोदीची परवानगी घेतली आहे. ती पुढं वर्षभरानं परत आली. ती म्हणाली, लिहा आबा, आता कुणी मोठ्यानं वाचलं तरी चालेल.

अंबड

परतीच्या जहाजावर बायकोला कसं सांगायचं, याचं मी रोज पाठांतर केलं. आधी हे सांगायचं, मग ते, मग दम धरायला लावायचा. घरी पोहोचलो तेव्हा ती सुपात तूर घेऊन निवडत बसली होती. गोदी माझ्या मागं नाही हे तिनं पाहिलं. उठली नाही.

"कशी हाय?"

माझं पाठांतर पार उडून गेलं. मी तिच्यासमोर जोत्यावर टेकलो आणि म्हणलं, "तिच्या हातचं जेवून आलो."

तिचा सुपातला हात थांबला. मान वर केली नाही. तशीच म्हणाली, "पोरगा का पोरगी?"

"पोरगी."

"हाय?"

"न्हाई."

"नाव ठेवलं होतं?"

"तुझं."

तिनं एक खडा वेचला, बाजूला टाकला. आणखी एक वेचला. मग पदर डोळ्यांना लावला आणि तसाच धरून ठेवला. मी सांगायला लागलो की घेऊन यायचं म्हणलं होतं, पण ती म्हणाली की... तिनं हातानं मला थांबवलं.

"पोटभर जेवलात ना तिथं?" तिनं विचारलं.

मी म्हणलं, दोनदा भात घेतला.